दिवा दुकानात, मालकी कारखान्यात
अमेरिकेच्या विद्युत-दिवा व्यापारातील प्रतिनिधी-पद्धतीचा इतिहास

विद्युत दिव्याचा इतिहास सांगताना शोधकर्त्याचे नाव प्रथम येते. थॉमस एडिसनने १८७९ मध्ये कार्बनतंतूचा दिवा यशस्वी केला आणि २७ जानेवारी १८८० रोजी त्याला त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले, हे शालेय पाठ्यपुस्तकांतही आढळते. परंतु प्रयोगशाळेत दिवा लागणे वेगळे आणि तोच दिवा गावोगावच्या दुकानात ठरलेल्या भावाने मिळणे वेगळे. या दोन घटनांच्या मध्ये जो माणूस उभा असतो, त्याच्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. तो कारखानदार नसतो, तसाच ग्राहकही नसतो. तो कारखानदाराच्या वतीने बोलतो, माल दाखवतो, भाव सांगतो आणि त्याबद्दल मोबदला घेतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील विद्युत दिव्यांच्या व्यापारात या प्रतिनिधीचे स्थान कसे घडले, त्यावरून न्यायालयांत कोणते वाद झाले आणि त्या वादांमागे कोणता मूलभूत प्रश्न होता, याचा विचार केला आहे.

मध्यस्थ आणि त्याची नावे

आपल्या भाषांना हा मध्यस्थ नवा नाही. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत त्याच्यासाठी एकाहून अधिक शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ थोडा वेगळा आहे. ‘दलाल’ हा अरबीतून आलेला शब्द. दलाल खरेदीदार व विक्रेता यांची गाठ घालून देतो, मालाला हात लावीलच असे नाही. ‘अडत्या’ दुसऱ्याचा माल स्वतःच्या पेढीवर उतरवून घेतो, विकून देतो आणि आपली अडत कापून बाकीची रक्कम मालकाला देतो. ‘गुमास्ता’ हा फारसीतून आलेला शब्द मालकाच्या नेमलेल्या माणसासाठी वापरला जातो. ‘वकील’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. पेशवाईच्या काळात दरबारांत राहणाऱ्या राजदूतालाही वकीलच म्हणत. ज्याच्या वतीने तो बोलतो त्याला उर्दूत ‘मुवक्किल’ म्हणतात. प्रकाशाच्या साधनांची नावेही अशीच प्रवास करून आली आहेत. मराठीतला ‘कंदील’ अरबी ‘किंदील’वरून आला, तर ‘मशाल’ही अरबीतूनच आली.

या सर्व शब्दांच्या मुळाशी एक साधी कसोटी आहे. माल कोणाचा? दुकानाला आग लागून माल जळाला तर नुकसान कोणाचे? बाजारभाव उतरला तर तोटा कोणाचा? याची उत्तरे ‘दुकानदाराचे’ अशी असतील तर तो दुकानदार स्वतंत्र व्यापारी ठरतो. ‘माल पाठविणाऱ्याचे’ अशी असतील तर तो अडत्या किंवा अभिकर्ता ठरतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या दहाव्या प्रकरणात अभिकर्त्याविषयीच्या तरतुदी आहेत, त्याही याच विचारावर आधारलेल्या आहेत. अमेरिकेतील दिव्यांच्या खटल्यात पुढे नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

एडिसनपासून १९११ पर्यंत

आरंभीच्या काळात दिव्यांचा स्वतंत्र बाजार जवळजवळ नव्हता. वीज पुरविणारी कंपनीच तारा घालून देई आणि दिवेही देई. १८९२ मध्ये एडिसन जनरल इलेक्ट्रिक आणि थॉमसन-ह्यूस्टन या कंपन्या एकत्र येऊन जनरल इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. एडिसनच्या मूळ पेटंटची मुदत १८९४ मध्ये संपल्यावर अनेक लहान कारखाने या व्यवसायात आले आणि भाव कोसळले. त्यावर उपाय म्हणून उत्पादकांनी १८९६ मध्ये संघटना करून भाव ठरविण्यास प्रारंभ केला.

१९०१ मध्ये काही लहान कारखानदार एकत्र येऊन नॅशनल इलेक्ट्रिक लॅम्प कंपनी उभी राहिली. बाजारात ती जनरल इलेक्ट्रिकची प्रतिस्पर्धी म्हणून ओळखली जाई. प्रत्यक्षात तिचे ७५ टक्के भांडवल जनरल इलेक्ट्रिककडेच होते. ही बाब उघड झाल्यावर अमेरिकी सरकारने १८९० च्या शर्मन अधिनियमाखाली दावा लावला. १९११ च्या हुकूमनाम्याने हा पडदा दूर झाला आणि दुकानदारांनी दिवे पुढे कोणत्या किमतीला विकावेत हे कंपनीने ठरविण्यासही मनाई झाली.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. माइल्स या औषध कंपनीच्या खटल्यात एक महत्त्वाचा दंडक घालून दिला. उत्पादकाने माल एकदा व्यापाऱ्याला विकला की त्या मालाची पुढील विक्री-किंमत करार करून बांधून ठेवता येणार नाही, असा तो दंडक होता. माल ज्याचा त्याने भाव ठरवावा, हे त्यामागील तत्त्व. म्हणून ज्या उत्पादकाला भाव आपल्याच हातात ठेवायचा होता, त्याच्यापुढे एकच मार्ग उरला. मालकी हातची सोडायचीच नाही.

१९१२ ची योजना

जनरल इलेक्ट्रिकने १९१२ मध्ये हाच मार्ग स्वीकारला. तोपर्यंत कंपनीकडून दिवे विकत घेणारे अनेक घाऊक व किरकोळ व्यापारी आता कंपनीचे ‘एजंट’ झाले. दुकान तेच, फलाटही तोच, गिऱ्हाईकही तेच राहिले. बदलला तो फक्त दिव्यांशी असलेला त्यांचा कायदेशीर संबंध.

या योजनेत विक्रीच्या तीन वाटा होत्या. मोठ्या ग्राहकांशी कंपनी स्वतः करार करी. मधल्या ग्राहकांसाठी ‘बी’ वर्गाचे एजंट होते. ते बहुधा मोठे घाऊक व्यापारी असत आणि त्यांची संख्या सुमारे ४०० होती. सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचण्यासाठी ‘ए’ वर्गाचे २१,००० हून अधिक किरकोळ एजंट होते. दिवे त्यांच्याकडे विक्रीसाठी ठेवायला दिले जात, विकले जात नसत. ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत दिव्याची मालकी कंपनीकडेच राही आणि विक्रीच्या क्षणी ती थेट कंपनीकडून ग्राहकाकडे जाई.

या योजनेतील जबाबदाऱ्यांची वाटणी नीट समजून घेणे आवश्यक आहे. आग, पूर, माल जुना होणे किंवा भाव उतरणे यांचा धोका कंपनी सोसत असे. साठ्यावरील विमा व करही कंपनीच भरत असे. साठवण, हाताळणी आणि विक्री यांचा खर्च एजंटाने आपल्या मोबदल्यातून करायचा होता. विकलेल्या मालाचा हिशेब ठराविक मुदतीने द्यायचा आणि करार संपला तर न विकलेला माल परत करायचा, अशी अट होती. ग्राहकाने पैसे बुडविले तरी त्याची हमी एजंटावर होती. भाव मात्र कंपनीने ठरविलेलाच. त्यात एक सेंटही कमीजास्त करण्याचा अधिकार एजंटाला नव्हता.

लहान दुकानदाराच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची होती, हे मान्य करावे लागेल. भांडवल अडकत नव्हते, भाव पडण्याची भीती नव्हती आणि शेजारचा दुकानदार आपल्यापेक्षा स्वस्त विकील ही चिंताही नव्हती. परंतु आपल्याच दुकानात, आपल्याच गिऱ्हाइकाला सवलत देण्याचे स्वातंत्र्य त्याने गमावले होते. आणि ज्या ग्राहकाला दिवा विकत घ्यायचा होता, त्याच्यासाठी तर २१,००० दुकाने असूनही भावाच्या बाबतीत जणू एकच दुकान होते.

‘माल कोणाचा?’ – १९२६ चा निकाल

१९२० च्या दशकात सरकारने पुन्हा दावा लावला. सरकारचे म्हणणे असे की, हे एजंट नावाचेच एजंट आहेत, वस्तुतः ते पूर्वीसारखेच खरेदीदार व्यापारी आहेत आणि ही सारी योजना १९११ च्या बंदीतून सुटण्यासाठी रचलेली आहे. हजारो स्वतंत्र दुकानदार एका कंपनीचे नोकरवजा प्रतिनिधी कसे असू शकतील, असा सरकारचा प्रश्न होता.

हा प्रश्न किरकोळ नव्हता. टंगस्टन तंतूच्या दिव्याची महत्त्वाची पेटंटे, म्हणजे जस्ट व हॅनामन, कूलिज आणि लँगम्यूर यांच्या नावांची, जनरल इलेक्ट्रिककडे होती. अशा दिव्यांच्या बाजारात तिचा स्वतःचा वाटा ६९ टक्के होता. वेस्टिंगहाऊस कंपनीला तिने परवाना दिला होता आणि तिचा वाटा १६ टक्के होता. इतर परवानाधारकांचा वाटा ८ टक्के. म्हणजे एकूण ९३ टक्के दिवे एकाच पेटंट-छत्राखाली येत होते. वेस्टिंगहाऊसने आपले दिवे कोणत्या भावाने व कोणत्या अटींवर विकावेत, हेही परवान्यात ठरलेले होते.

२३ नोव्हेंबर १९२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निकालपत्र सरन्यायाधीश विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांनी लिहिले. हेच टाफ्ट १९११ मध्ये, म्हणजे कंपनीविरुद्ध पहिला हुकूमनामा झाला तेव्हा, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. न्यायालयाने कराराच्या अटी एकेक करून तपासल्या. धोका कोणावर, विमा कोणाचा, कर कोण भरतो, न विकलेला माल कोणाचा, हे पाहिले. या सर्वांची उत्तरे कंपनीच्या बाजूने येत असल्याने हे खरेच एजंट आहेत, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. मालाचा मालक आपल्या एजंटामार्फत तो विकताना भाव ठरवू शकतो, मग त्या मालावर पेटंट असो वा नसो. एजंटांची संख्या मोठी आहे एवढ्यावरून योजना बेकायदा ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. वेस्टिंगहाऊसच्या परवान्यातील भावाची अटही पेटंटधारकाच्या अधिकारात बसते, असे ठरले.

तर्काच्या दृष्टीने निकाल सुसंगत होता. तथापि त्याने एक अडचण मागे ठेवली. कराराच्या कागदावर धोका कोणाचा हे पाहून नाते ठरविले, तर ज्याच्याकडे चांगले वकील व पुरेसे भांडवल आहे असा कोणताही मोठा उत्पादक आपल्या साऱ्या विक्रेत्यांना एजंट बनवू शकतो. नियम शाबूत राहतो आणि त्याचा हेतू मात्र विफल होतो.

दुसरी वाट : डेट्रॉइटचे ‘मोफत’ दिवे

प्रतिनिधी हा दिवा पोहोचविण्याचा एकमेव मार्ग नव्हता, हे दाखविणारे एक उदाहरण डेट्रॉइट शहरात मिळते. तेथे १८८६ मध्ये वीजपुरवठा सुरू झाला तेव्हा दिवे विकणारी दुकानेच नव्हती. म्हणून वीज कंपनी दिवेही देऊ लागली. पुढे दुकाने झाली, पण प्रथा चालूच राहिली. डेट्रॉइट एडिसन कंपनी घरगुती ग्राहकांना वेगळे पैसे न घेता दिवे बदलून देई आणि त्यांचा खर्च विजेच्या दरात धरलेला असे. १९७२ मध्ये तिने अशा रीतीने सुमारे १ कोटी ८५ लाख दिवे दिले.

दिवे विकणाऱ्या एका औषध-दुकानदाराने या प्रथेविरुद्ध दावा केला. जी वस्तू कंपनी ‘फुकट’ देते ती विकत कोण घेणार, असे त्याचे म्हणणे होते. राज्याच्या नियामक आयोगाने दरपत्रक मंजूर केले आहे एवढ्याने कंपनीला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. जनरल इलेक्ट्रिकच्या योजनेत लहान दुकानदार साखळीत बांधला गेला होता, तर डेट्रॉइटमध्ये तो साखळीतून वगळला गेला. दोन्ही ठिकाणी प्रश्न त्याच्याच जागेचा होता.

१९२६ च्या तत्त्वाचा अस्त

१९४९ मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल जिल्हा न्यायालयाने जनरल इलेक्ट्रिकला दिव्यांच्या व्यवसायात मक्तेदारी केल्याबद्दल दोषी ठरविले आणि १९५३ च्या अंतिम हुकूमनाम्याने तिची दिव्यांसंबंधीची तत्कालीन पेटंटे सर्वांना खुली झाली. एजंट-पद्धती मात्र त्यानंतरही चालू राहिली.

तिला पहिला मोठा धक्का बसला तो दिव्यांच्या नव्हे, पेट्रोलच्या खटल्यात. युनियन ऑइल कंपनी आपल्या पेट्रोलपंप चालकांना पेट्रोल विक्रीसाठी ‘ठेवायला’ देत असे आणि भाव स्वतः ठरवीत असे. पंप भाडेपट्ट्याने चालविणाऱ्या एका चालकाने ठरलेल्या भावापेक्षा कमी भावात पेट्रोल विकले, तेव्हा कंपनीने त्याचा भाडेपट्टा पुढे चालू ठेवला नाही. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, स्वतंत्रपणे धंदा करणाऱ्या माणसांच्या मोठ्या जाळ्यावर भाव लादण्यासाठी अशी योजना वापरता येणार नाही. १९२६ चा निकाल पेटंट असलेल्या वस्तूंपुरता आहे, अशी मर्यादाही न्यायालयाने घातली.

या आधारावर सरकारने पुन्हा जनरल इलेक्ट्रिकविरुद्ध दावा लावला आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयाने दिव्यांची एजंट-योजना बेकायदा ठरविली. १९१२ मध्ये सुरू झालेली व्यवस्था अशा रीतीने ६१ वर्षांनी कायद्यापुढे हरली. कराराचे शब्द फारसे बदलले नव्हते. बदलली होती ती न्यायालयाची नजर. पूर्वी कागदावरील धोका पाहिला गेला, आता भावावर होणारा परिणाम पाहिला गेला. या कथेत पुढेही एक वळण आले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. माइल्स खटल्याचा दंडकच रद्द केला. तेव्हापासून पुनर्विक्री-किंमत बांधणारे करार फेडरल कायद्याखाली आपोआप बेकायदा ठरत नाहीत. प्रत्येक प्रकरणात त्यांचा स्पर्धेवरील परिणाम तपासावा लागतो.

स्वतंत्र प्रतिनिधींचा वर्ग

दिव्याचा बल्ब ही ठराविक मापाची, वारंवार बदलावी लागणारी वस्तू. ज्यात तो बसतो ते दीपसाधन, म्हणजे फिटिंग, ही वेगळी बाब आहे. कार्यालय, शाळा, रुग्णालय, रस्ता अशा प्रत्येक ठिकाणची गरज निराळी असते. १९३८ पासून फ्लुओरेसंट नळ्या बाजारात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या इमारतींचे बांधकाम वाढले. दीपसाधने बनविणाऱ्या कारखान्यांना दूरच्या प्रत्येक शहरात पगारी विक्रेते ठेवणे परवडणारे नव्हते. तेथे स्वतंत्र उत्पादक-प्रतिनिधी उपयोगी पडला. अशा प्रतिनिधींची सर्वसाधारण राष्ट्रीय संघटना १९४७ मध्ये, तर विद्युत क्षेत्रातील प्रतिनिधींची स्वतंत्र संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली.

हा प्रतिनिधी १९१२ च्या एजंटाहून वेगळा आहे. तो सहसा मालाचा साठा ठेवत नाही. तो एका कारखान्याचा नसतो, तर एकमेकांशी फारशी स्पर्धा न करणाऱ्या अनेक कारखान्यांचा माल ठरलेल्या प्रदेशात सुचवितो. त्याचे खरे काम विक्रीच्या बरेच आधी सुरू होते. वास्तुविशारद किंवा विद्युत अभियंता इमारतीचा आराखडा करीत असतो, तेव्हा हा प्रतिनिधी नमुने दाखवितो, प्रकाशाचे गणित मांडून देतो आणि निविदेच्या तपशिलात आपल्या कारखान्याचे साधन नमूद व्हावे असा प्रयत्न करतो. नंतर ठेकेदार घाऊक वितरकाकडे मागणी नोंदवितो, वितरक कारखान्याकडे, आणि माल बहुधा कारखान्यातून थेट बांधकामावर येतो. प्रतिनिधीला दलाली मिळते. कारखान्याने सांगितलेल्या मूळ भावापेक्षा अधिक भाव मिळाला, तर त्या जादा रकमेतही त्याला वाटा मिळण्याची पद्धत आहे.

या पद्धतीवर दोन प्रमुख आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, अनेक कारखान्यांची साधने एकत्र करून एकच ठोक रक्कम सांगितली जाते, त्यामुळे कोणत्या दिव्याला किती पैसे पडले हे इमारतीच्या मालकाला कळत नाही. दुसरा असा की, जो तज्ज्ञ म्हणून सल्ला देतो तोच विक्रेत्याचा माणूस असतो. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येते की, लहान कारखान्याला बाजाराची दारे उघडून देणारा, चुकीचा माल आला तर बदलून घेणारा आणि काम संपल्यावरही फोन उचलणारा माणूस बहुधा हाच असतो. भारतात अडत्याविषयी शेतकऱ्याच्या ज्या संमिश्र भावना असतात, त्यांच्याशी याचे साम्य आहे.

भारतीय संदर्भ

भारतातही दिव्यांचा आधुनिक व्यापार प्रथम विक्री-कचेरीच्या रूपाने आला. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९३० मध्ये कलकत्त्यात आपली कंपनी स्थापन केली ती आयात केलेले दिवे विकण्यासाठी. कारखाना तेथे १९३८ मध्ये उभा राहिला.

‘विक्री’ की ‘ठेवायला दिलेला माल’ हा भेद भारतात भावापेक्षा कराच्या संदर्भात अधिक गाजला. केंद्रीय विक्रीकर अधिनियम, १९५६ मधील कलम ६अ नुसार एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील अभिकर्त्याकडे पाठविलेला माल विक्री मानला जात नसे, मात्र त्यासाठी ‘एफ’ नमुना सादर करावा लागे. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, हैदराबाद अशा राज्यसीमेलगतच्या किंवा आंतरराज्य उलाढालीच्या पेठांतील जुन्या हिशेबनिसांना हा नमुना परिचित आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. मुवक्किलाच्या वतीने पुढे विक्री करणाऱ्या अभिकर्त्याकडे माल पाठविणे, हाही या कायद्यात ‘पुरवठा’च धरला जातो. म्हणजे मालकी बदलली की नाही, या कसोटीचे महत्त्व येथेही कमी झाले. भावाबाबत बोलायचे तर, पुनर्विक्री-किंमत बांधणारे करार स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम करीत असतील, तर स्पर्धा अधिनियम, २००२ खाली ते अवैध ठरतात. या तरतुदी २००९ पासून अंमलात आल्या. वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही वरची मर्यादा आहे. त्याहून कमी भावात विकण्याचे दुकानदाराचे स्वातंत्र्य ती हिरावून घेत नाही.

समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, मध्यस्थाचे स्थान तंत्रज्ञानाने ठरत नाही. दिवा तोच राहिला तरी तो पोहोचविणारा माणूस कधी खरेदीदार, कधी एजंट, कधी दलालीवर काम करणारा प्रतिनिधी झाला आणि डेट्रॉइटसारख्या ठिकाणी त्याची गरजच उरली नाही. दोन, जो धोका सोसतो त्याने भाव ठरवावा हे तत्त्व न्याय्य वाटते. पण धोका सोसण्याची ताकद मुळात मोठ्यांकडेच असते, हे १९२६ च्या निकालात पुरेसे ध्यानात घेतले गेले नाही. तीन, कायद्यात नावापेक्षा नात्याला महत्त्व आहे. ‘एजंट’ म्हटल्याने कोणी एजंट होत नाही आणि ‘व्यापारी’ म्हटल्याने कोणी स्वतंत्र होत नाही.

वाणिज्य शाखेत अभिकर्त्याचे प्रकरण बहुधा व्याख्या आणि कलमे यांच्या आधारे शिकविले जाते. त्याला या खटल्यांची जोड दिली, तर विद्यार्थ्याला आपल्या गल्लीतल्या विजेच्या दुकानाकडेही नव्या नजरेने पाहता येईल. त्या फलाटावरचा दिवा कोणाचा, त्याचा भाव कोणी ठरविला आणि तो फुटला तर नुकसान कोण भरणार, हे तीन प्रश्न दुकानदाराला विचारले तरी प्रकरणाचा मोठा भाग वर्गाबाहेरच शिकून होईल.